वयाच्या मानाने

कंडक्टरने दोघांकडे एकदा पाहिलं, न विचारताच एक फुल आणि एक हाफ अशी दोन तिकिटं हातात ठेवली आणि तो पुढच्या बाकाकडे वळला. एवढंच झालं. धक्का बसावा असं त्यात खरं म्हणजे काही नव्हतं. भाचीला परवाच पंधरा पूर्ण झाली होती आणि वाढदिवसाला मामाने पुस्तक घेऊन द्यायचं हा दोघांचा जुना करार होता, म्हणून ते पुस्तकांच्या दुकानात निघाले होते. त्याने कंडक्टरला हाक मारून सांगितलं की अहो, हाफ नको, फुलच द्या, पंधरा पूर्ण झालीत तिला. कंडक्टर वळला. आपण होऊन जास्तीचे पैसे देणारा प्रवासी त्याला नवीन असावा. त्याने मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "वयाच्या मानाने फारच लहान दिसते हो," असं म्हणत तिकीट बदललं आणि तो निघून गेला. भाचीने मामाची बाही ओढली. "राहू दे ना मामा," ती तिच्या संथ, जराशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ते मला नेहमी हाफच देतात." तिने ते अगदी सहज सांगितलं, पुढचा स्टॉप कोणता ते सांगावं तसं. मग ती खिडकीबाहेर बघू लागली.

वयाच्या मानाने. हे शब्द मामाचे होते. गेली वीस वर्षं तो ते रोज लिहीत आला होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसून तो लोकांच्या डोक्यांच्या आतले फोटो वाचत असे. पलीकडच्या खोलीत मोठ्या नळकांड्यासारखं मशीन ठकठक करत राही, माणूस आत सरकवला जाई, आणि काचेच्या अलीकडे त्याच्या पडद्यावर त्या माणसाचा मेंदू एकेक काप करून उमटत जाई. माणसाचा चेहरा त्याला बहुतेक वेळा दिसतच नसे, फाइलवर वय आणि स्त्री की पुरुष एवढं असलं की त्याचं काम भागायचं. शेवटी खाली एक ओळ लिहायची: वयाच्या मानाने ठीक. ही ओळ वाचून किती माणसं हायसं वाटून घरी गेली असतील, याचा त्याला कधीमधी अभिमानही वाटे. आता बसच्या बाकावर ते शब्द एका अनोळखी माणसाच्या तोंडून आले आणि त्याला कुणीतरी आपल्याच घराचं दार वाजवून आपल्याच नावाची चौकशी करतंय असं वाटलं.

त्याने भाचीच्या पायांकडे पाहिलं. ते बसच्या जमिनीला टेकत नव्हते. टेकायला हवेत का, हा प्रश्न त्याने स्वतःला डॉक्टरासारखा विचारला आणि उत्तर मामासारखं दिलं: बाक उंच आहे. पण पुढच्या बाकावर शाळेच्या दप्तरासकट बसलेल्या एका पोरीचे पाय चांगले पुढे पसरलेले होते आणि ती काही फार मोठी नव्हती.

सगळ्या मेंदूत त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. मेंदूच्या तळाशी हाडाचं एक इवलंसं खोगीर असतं आणि त्यावर वाटाण्याएवढी एक ग्रंथी बसलेली असते, पिट्युटरी. जुन्या पाठ्यपुस्तकात तिला पीयूषिका असं गोड नाव होतं. ही अंगाने एवढीशी, पण सगळ्या शरीराला कामाला लावणारी. तिची उंची आयुष्यभर सारखी नसते, हे त्याला विद्यार्थी असताना पहिल्यांदा कळलं तेव्हा तो खुळावल्यासारखा झाला होता. लहानपणी ती चपटी, खोगिरात मुकाट बसलेली. मुलगी वयात येऊ लागली की ती वाढते, तिची वरची कड फुगून घुमटासारखी होते. मुलांमध्येही वाढते, पण इतकी नाही, आणि पुढेही बाईची ग्रंथी पुरुषापेक्षा थोडी उंचच राहते. बाईला दिवस गेले की ती फुगत जाते, बाळंतपणानंतरच्या दिवसांत सर्वांत मोठी होते, मग ओसरते. नंतर वर्षांमागून वर्षं ती खाली खाली बसत जाते. बायकांमध्ये पन्नाशीच्या आसपास पुन्हा जराशी डोकं वर काढते, का ते नीट कुणाला ठाऊक नाही, आणि मग म्हातारपणी खोगिराच्या तळाशी पातळ थर होऊन राहते. त्याला यात एखाद्या बाईचं आख्खं चरित्र दिसे. त्याने लग्न केलं नव्हतं. सहकारी त्याला मागून आणि पुढे पुढे तोंडावरही 'वाटाणेवाले' म्हणत आणि त्यात त्याला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नसे. डोक्याला किरकोळ मार लागला म्हणून, कान दुखतो म्हणून, नुसत्या शंकेने म्हणून आलेल्या आणि ज्यांच्यात काही निघालं नाही अशा सहाशेएक माणसांच्या ग्रंथी मोजून त्याने एक तक्ता तयार केला होता. डावीकडे वय, वर स्त्री आणि पुरुष, आणि प्रत्येक चौकोनात कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. तो तक्ता छापून आला, इतर इस्पितळांनीही मागून घेतला. आयुष्यात त्याने केलेली एवढी एकच गोष्ट होती.

दुकानात भाचीने पुस्तक निवडायला वेळ लावला. ती नेहमीच लावायची. एक पुस्तक काढायचं, मागचं कव्हर वाचायचं, परत ठेवायचं, ते सरळ बसलं की नाही ते बघायचं, मग दुसरं. घरचे सगळे या संथपणाला विटले होते. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, म्हणायची की या मुलीला सकाळी उठवून शाळेत धाडेपर्यंत माझं अर्धं आयुष्य संपतं. भावोजी म्हणायचे, घराला आग लागली तरी ही आधी चपला शोधेल. आणि तो, एकटा तो, तिची बाजू घ्यायचा. तिला गोगलगाय हे नाव त्यानेच ठेवलं होतं, त्याचं लाडाने गोगी झालं आणि आता शाळेतल्या मैत्रिणीही तिला गोगी म्हणत. तो ताईला ऐकवायचा की प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढतं, त्याला ढोसू नये. मोठ्या समंजसपणाने म्हणायचा. शनिवारी संध्याकाळी ती त्याच्या घरी यायची आणि दोघं गच्चीतल्या बाकावर शेजारी शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचायचे, तासन्‌तास, एक शब्द न बोलता. दिवसभर ठकठकीत बसणाऱ्या माणसाला यापेक्षा दुसरं सुख माहीत नव्हतं. तिच्यासारखी सोबत कुणाची नाही, असं तो लोकांना सांगायचा. आता पुस्तकांच्या मांडणीशी उभ्या असलेल्या तिच्याकडे त्याने पाहिलं आणि पहिल्यांदा, पडद्यावर बघतो तसं, नीट पाहिलं. डोळ्यांखाली सूज होती. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती. पुस्तकाच्या कडेवर टेकलेली बोटं कोरडी, खरखरीत होती. आणि तो घोगरा आवाज, जो त्याला किती गोड वाटायचा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही एवढी लक्षणं ओळीने सांगितली असती आणि शेवटी निदानही सांगितलं असतं.

आणि त्याने तर तिच्या डोक्यात दोनदा डोकावून पाहिलं होतं. एकदा ती बारा वर्षांची असताना. तक्त्यातली एक ओळ लंगडी होती, अकरा ते पंधरा वयाच्या मुलींची. धडधाकट पोरींना मशीनमध्ये कोण घालणार? जेमतेम मूठभर मुली जमल्या होत्या. मग त्याने ओळखीपाळखीच्यांना गळ घातली, दोघा सहकाऱ्यांनी आपल्या मुली आणल्या, आणि एका रविवारी ताई भाचीला घेऊन आली. मशीन चालवणारे काका अजूनही त्या दिवसाची आठवण काढत. बाकीची पोरं आत चुळबुळ करत, खोकत, नाक खाजवत आणि फोटो पुसट येत. ही मात्र आत गेली ती बाहेर येईपर्यंत तसूभर हलली नाही. असा पेशंट जन्मात पाहिला नाही, असं काका म्हणाले आणि त्याला कोण अभिमान वाटला. तिचा फोटो इतका स्वच्छ आला होता की तक्त्यासोबत नमुना म्हणून छापायला त्याने तोच निवडला. बारा वर्षांचं पोर अर्धा तास हलत नाही, हे बघून डॉक्टराला काही विचारावंसं वाटलं नाही. मामाला कौतुक वाटलं.

आणि पडद्यावर ती ग्रंथी उमटली तेव्हा तर त्याचं मन भरूनच आलं होतं. दहा मिलिमीटरच्या वर, कड घुमटासारखी फुगलेली. अरे, गोगी मोठी झाली, असं त्याच्या मनात आलं. लगोलग त्याला लाज वाटली. दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरावं तसं झालं. घरात कुणी त्याला हे सांगितलेलं नव्हतं, सांगणारही नव्हतं, आणि ते त्याला असं काचेतून, मिलिमीटरमध्ये कळलं होतं. त्याने माप घेतलं आणि फोटो घाईने बंद केला. तक्त्यासाठी मुलींच्या आयांना एक प्रश्न विचारायचा असे, पाळी सुरू झाली आहे का. तो प्रश्न नर्स विचारायची, आईला बाजूला घेऊन. रविवार असल्यामुळे नर्स नव्हती. ताई बाहेर बाकावर बसली होती, दहा पावलांवर, आणि तिला हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. ज्या घरात हे विषय निघाले की पुरुषमाणसं उठून गॅलरीत जात त्याच घरात तोही वाढला होता. सहाशे माणसांच्या ग्रंथी मोजणारा, बायकांचं आख्खं चरित्र वाचणारा हा गृहस्थ सख्ख्या बहिणीला एवढं विचारू शकला नाही. फोटोत दिसतंय की, असं म्हणून त्याने रकान्यात 'हो' भरून टाकलं. म्हणजे ग्रंथी मोठी म्हणून मुलगी वयात आलेली, आणि मुलगी वयात आलेली म्हणून ग्रंथी मोठी असायचीच. भाची त्या मूठभर मुलींमध्ये सर्वांत वरची ठरली आणि त्या चौकोनातला जास्तीत जास्तचा आकडा तिचा होता.

दुसऱ्यांदा गेल्या वर्षी. डोकं दुखतं म्हणून ताईने तिला आणलं होतं. फोटो आधी त्याच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिला आणि त्या जरा काळजीने त्याच्याकडे आल्या की सर, ग्रंथी मोठी वाटते. त्याने हसून भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मुलींमध्ये या वयात असते, म्हणाला, बघा, कडेला आहे पण आतच आहे. त्यांनी तक्ता पाहिला, मान डोलावली आणि जागेवर गेल्या. त्याने खाली ओळ लिहिली, सही केली आणि बाहेर येऊन ताईला सांगितलं की काही नाही ग, चष्म्याचा नंबर तपासून घे. पुस्तकांच्या दुकानात, हातात बिल धरून, त्याच्या ध्यानात आलं की त्याने भाचीला भाचीशीच ताडून पाहिलं होतं. ती ज्या मर्यादेच्या आत होती ती मर्यादा तिनेच ताणलेली होती. त्या चौकोनातले आकडे त्याला तोंडपाठ होते. तिला काढून टाकलं की वरची कड धाडकन खाली येत होती, आणि मग ती कुठल्या कुठे बाहेर पडत होती.

"गोगी, तुला बरं वाटत नाही का ग?" त्याने विचारलं. प्रश्न किती मूर्खासारखा आहे हे त्याला विचारतानाच कळलं. तिने पुस्तकातून मान वर केली, बराच वेळ विचार केला आणि ठीक आहे की, असं सांगितलं. घरी जायच्याऐवजी तो तिला तसाच इस्पितळात घेऊन गेला आणि रक्त काढवलं. तिने का म्हणूनही विचारलं नाही, बाही वर केली आणि नवं पुस्तक डाव्या हातात धरून वाचत राहिली.

निकाल त्याला आधीच ठाऊक होता, कागदाने फक्त दुजोरा दिला. तिची गळ्यातली ग्रंथी, थायरॉइड, जवळजवळ बंदच पडली होती, आणि तीही काल-परवा नाही. डोक्यातल्या पिट्युटरीचं काम इतरांना हाका मारून उठवायचं. थायरॉइड उठेना म्हणून ती वर्षानुवर्षं जास्त जोरात हाका मारत राहिली आणि हाका मारून मारून तिचं अंग वाढलं. तो घुमट वयात आल्याचा नव्हताच. मुलगी अजून वयात आलेली नव्हती. तो जे गुपित पाहून लाजला होता ते मुळात नव्हतंच, आणि जे होतं ते एक हाक होती, स्पष्ट, मोजता येईल अशी, आणि त्याने ती मोजून चौकोनात भरली होती. यावर उपाय म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी. तीन वर्षांपूर्वी सुरू झाली असती तर आज तिचे पाय बसच्या जमिनीला टेकले असते.

आता प्रश्न एकच होता, किती उरलंय. वाढत्या हाडांच्या टोकांशी फट असते, ती मिटली की संपलं, मग कितीही गोळ्या दिल्या तरी माणूस बोटभरही वाढत नाही. तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला तेव्हा हा खुर्चीतून उठून खिडकीशी गेला. त्याच्या इमारतीत खिडकी असलेल्या खोल्या थोड्याच होत्या आणि त्याला खाली वाहनतळावर कुणीतरी गाडी मागे घेताना दिसलं, पुढे, मागे, परत पुढे. देवाचं नाव घ्यायची त्याला सवय नव्हती म्हणून त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही. फटी उघड्या होत्या. हाडं अकराची आहेत, डॉक्टर म्हणाले, मुलगी पंधराची असली तरी. बरीच भरपाई होईल. सगळी होईल का, असं त्याने खिडकीकडेच बघत विचारलं. त्यांनी सहकाऱ्याला सांगावं तसं स्पष्ट सांगितलं की नाही, सगळी नाही, जे गेलं ते गेलं.

घरात मात्र त्याचा उदोउदो सुरू झाला. भावोजींनी नातेवाइकांना फोन करून सांगितलं की मामा डॉक्टर होता म्हणून निभावलं, नुसतं बसमध्ये बघून ओळखलं पठ्ठ्याने. कुणीतरी त्याला शाबासकीचा निरोप पाठवला. तो तीन दिवस ते गिळत राहिला आणि चौथ्या दिवशी ताईकडे गेला. ती इस्त्री करत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रविवारचं, रकान्यातल्या खोट्या 'हो'चं, गेल्या वर्षीच्या सहीचं. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं म्हणून थांबला नाही. ताई एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत राहिली. त्याला शिव्या हव्या होत्या. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "मी तिची वेणी घालते रे रोज. फणीत मूठ मूठ केस यायचे. मी म्हणायची, तेल लावत नाहीस म्हणून." मग बाहीची घडी घालत: "तू दोनदा पाहिलंस. मी रोज पाहत होते. आणि वर तिला मी मारलंय, उठत नाही म्हणून." त्याला तिचं सांत्वन करावं लागलं. आपला गुन्हा कबूल करायला यावं आणि समोरच्याने आपलाच गुन्हा काढून शेजारी ठेवावा, यापुढे माणूस काय करणार? जाताना त्याला वाटलं की आपण हिला सांगून आपलं ओझं हलकं केलं नाही, फक्त हिचं जड केलं.

इस्पितळातही त्याने सांगितलं. छापणाऱ्यांना कळवून त्या चौकोनाची दुरुस्ती करवली. सहाशेत एक ठिपका सर, त्याने काय बिघडतंय, असं डॉक्टरीणबाई त्याचं मन राखायला म्हणाल्या, पण त्यांच्याही डोळ्यांपुढे तो तक्ताच असावा, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या वयाच्या मुलींचे जुने फोटो काढून पुन्हा तपासायला घेतले. दोघींना परत बोलावलं. दोघी ठीक निघाल्या. त्याने ते ऐकलं आणि पाणी पिऊन आला.

गोळ्यांनी कमाल केली. आधी तिचे जुने केस झडले आणि ताई घाबरली, मग नवे, काळेभोर आले. चेहऱ्यावरची सूज उतरली आणि खालून एक टोकदार हनुवटी निघाली जी कुणाच्या ओळखीची नव्हती. आवाज निवळला. शाळेच्या पायजम्याखालून घोटे दिसू लागले. आणि पोर झोपेना, बसेना, गप्प राहीना. दारं आपटू लागली, आईला उलट बोलू लागली, वर्गात पहिल्या पाचांत असायची ती घसरून मधे आली कारण पुस्तकासमोर टिकेचना. बाई बोलवून घेतात रे मला शाळेत, असं ताई तक्रारीच्या सुरात सांगे आणि तिचा चेहरा आनंदाने फुललेला असे. शनिवारी भाचीला आता सायकल, मैत्रिणी, पोहणं असं काहीबाही असे. मामाकडे ती यायची, पण उभ्या उभ्या. एकदा ती गच्चीतल्या बाकावर बसली, दोन पानं उलटली, पाय हलवले, बोअर होतंय रे मामा, म्हणाली आणि उठून कठड्यावरून खाली वाकून कुणाला तरी हाका मारू लागली. त्याला राग आला. कुणाचा ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

विचारायची वेळ पुन्हा फोटो काढला तेव्हा आली. मशीनमध्ये तिची सारखी चुळबुळ चालली होती. काका मायक्रोफोनवरून ओरडत होते की अगं बाई, जरा गप पड, आणि आतून तिचा हसण्याचा आवाज येत होता. फोटो पुसट आला, परत काढावा लागला. मग पडद्यावर तो मधला काप उमटला आणि त्याने मापाची रेघ ओढली. ग्रंथी बसली होती. कड सपाट, उंची जवळजवळ निम्मी, कुठल्याही तक्त्यात कुठेही बसेल अशी. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. त्यालाही आनंद झाला, खरा झाला. आणि त्या आनंदाच्या आत तो पडद्यावर कुणाला तरी शोधत होता. तो घुमट गेला होता आणि त्याच्याबरोबर ती संध्याकाळची मुलगीही गेली होती, ती न बोलणारी, न हलणारी, त्याची. तो आजार त्याला आवडत होता. हे त्याला सरळ, शब्दांत कळलं. त्याने तीन वर्षं पाहिलं नाही याचं कारण लाज नव्हती, तक्ताही नव्हता, निदान नुसता तक्ता नव्हता. ताईला आणि भावोजींना ती नकोशी होत होती म्हणून ते निदान कुरकुर तरी करत होते. त्याला ती तशीच हवी होती. ज्याचं आपल्याला बरं चाललंय त्याला कोण कशाला तपासून पाहील?

बाहेरच्या बाकावर ती बुटांच्या नाड्या बांधत होती, जिन्याच्या तोंडाशी दोन मैत्रिणी थांबल्या होत्या. त्याने तिला सांगितलं की छान आहे, एकदम छान. तिने मान हलवली. नाडी ओढून तिने गाठ मारली, आणि मान वर न करता विचारलं:

"मामा, तुला ती जास्त आवडायची ना? आधीची मी?"

छे, भलतंच काय, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण या पोरीच्या बाबतीत पुष्कळ खोटं लिहून झालं होतं.

"हो," तो म्हणाला.

"वाटलंच मला." ती चिडली नव्हती. दुसरा बूट घेतला. "तू सारखं सांगायचास सगळ्यांना, हिच्यासारखी सोबत नाही म्हणून. मला तेव्हा काय बोलावं कळायचं नाही." मग आता जलद बोलणाऱ्या त्या मुलीला शब्द शोधावे लागले. "मला सोबतबिबत काही वाटायचं नाही रे. मला नुसती थंडी वाजायची. सारखी. भर उन्हाळ्यात पण. तुला टेकून बसलं की जरा कमी व्हायची."

त्याला वाटलं की आपण काहीतरी विचारलं पाहिजे, आणि त्याने विचारलं की अगं, मग सांगायचं नाहीस का?

"काय सांगणार?" ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांनाच वाजते. बाकीचे सहन करतात आणि मलाच जमत नाही."

जिन्यावरून मैत्रिणींनी हाक मारली. ती उठली, जाताना त्याच्या खांद्यावर एक थाप मारली आणि पळत गेली. आतून काकांनी पुढच्या पेशंटचं वय विचारलं, आणि तो फाइल बघायला आत गेला.